बुधवारचा पहारा

भुईगावच्या क्रिस्टीनाकडे दर बुधवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसायचा. शेजारच्या गास गावातल्या सत्यवतीबाईंच्या लेखी आठवड्यात खरा वार तेवढाच, बाकीचे आपले येऊन जाणारे. पण क्रिस्टीनाच्या पणतवाला, जेन्सनला कांजिण्या आल्या आणि सत्यवतीबाईंच्या मुलानं, कल्पेशनं, आईचा बुधवार बंद केला.

"या वयात प्रतिकारशक्ती उरत नाही, आई. घरात बस."

पन्नाशीचा हा मुलगा एरवी आईला स्कूटरवरून नेई, तिथंच ठाण मांडून केक खाई आणि पाच वाजले की "चल" म्हणून डाव मोडी. आई जिंकत असली तरी.

बाई नातीकडे गेल्या. कल्पेशची ही मुलगी, तेजस्वी, रोज घरून मुंबईला जाऊन प्रयोगशाळेत म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातल्या पेशी तपासायची.

"तेजू, माझ्या अंगात पहाऱ्याला कोन उरलंय का नाय?"

"आहेत की. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते. तिथं नवे शिपाई तयार होतात. वय वाढलं की ती आटते, म्हणून कुठलाच रोग न पाहिलेले कोरे शिपाई कमी पडतात. दुसऱ्या काही मारेकरी पेशी असतात, त्यांची संख्या वाढते, पण एकेकीचं काम मंदावतं."

"म्हनजे तुझ्या बाबाची देवळाची कमिटी."

तेजस्वी हसली. "जुने रोग पाहिलेल्या पेशी मात्र भरपूर. त्या सहसा विसरत नाहीत."

बाईंचे डोळे लुकलुकले. शाळेत असताना त्यांनी आणि क्रिस्टीनानं एकच पेरू आळीपाळीनं चावून खाल्ला होता, आणि पुढं दोघी जोडीनं कांजिण्यांनी पडल्या होत्या. भुवईवरचा खड्डा अजून साक्षीला होता.

रात्री जेवताना त्या सहज बोलल्यागत म्हणाल्या, "मला कांजिण्या होऊन गेल्यात. पन तुझ्या बाबाला कधी झाल्याच नायत. गावात साथ आली तवा मी त्याला अर्नाळ्याला मामाकडं धाडला होता."

तेजस्वीनं वडिलांकडं पाहिलं. "मग आजी जाऊ दे. बाबा, तुम्ही तिकडं फिरकायचं नाही. मोठेपणी कांजिण्या फार छळतात."

कल्पेशचा घास हातातच राहिला. "म्हणजे धोका मला?"

"तू घरात बस हां, बाळा," बाई मायेनं म्हणाल्या. "मी रिक्षानं जाईन. डाव संपला की येईन."

"पण एक अट," तेजस्वी म्हणाली. "कांजिण्यांचा विषाणू आपण बरे झालो तरी जात नाही. नसांमध्ये झोपून राहतो. पहारा थकला की नागीण होऊन उठतो. नागिणीची लस घ्यायची, मगच पत्ते."

"म्हनजे इतकी वर्सं मेला माझ्याच अंगात लोळत पडलाय?"

"झालं," कल्पेशला पुन्हा भूक लागली. "करोनात लसीच्या रांगेतून दोनदा पळालेली बाई ही. ही कसली जाते भुईगावला."

मंगळवारी दवाखान्यात सुई दिसताच बाईंनी डोळे घट्ट मिटले, पण खुर्ची सोडली नाही.

"कुठल्या दंडात देऊ, आजी?" डॉक्टर प्लासिडनं विचारलं.

"डाव्या. दुखला तर दुखू दे. उजव्यानं उद्या पत्ते वाटायचेत."