भर दुपारची झोप

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. माझे पाय बाभळीचे आणि अंग अंबाडीच्या दोरीचं. आंजी गावच्या रूपरावांच्या अंगणात, कडुनिंबाखाली मी उभं आयुष्य आडवी पडून काढलं.

माझ्यावर कोण झोपलं नाही? रूपराव झोपले, त्यांची आई आनंदाबाई झोपल्या, पाहुणे झोपले. शेजारचं कुत्रंसुद्धा डोळा चुकवून झोपून गेलं. सगळ्यांनी माझी तारीफ केली. फक्त घरची सून, रूपरावांची बायको जयवंता, कधी झोपली नाही. माझी दोरी ढिली झाली की पायथ्याशी पाय रोवून ताणायची तीच. मग मला फडक्याने झटकायची आणि सासूला म्हणायची, "या मामी, पडा."

सून बाजेवर बसली तर घराची लाज जाते, असं आनंदाबाईंचं म्हणणं होतं. जयवंता सगळ्यांच्या मागून निजायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. झोपलेली ती कशी दिसते, हे त्या घरात कोणी पाहिलंच नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या कापूस वेचणीत ती अंगात ताप घेऊन शेतात जात होती. एका दुपारी ती परतली तेव्हा घरात कोणी नव्हतं. चोरासारखं इकडेतिकडे बघून ती माझ्यावर आडवी झाली आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपली. इतकी झिजली होती की माझी दोरी करकरलीसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं.

थोड्या वेळाने आनंदाबाई बाजारातून आल्या. त्यांनी हाका मारल्या, पण जयवंता हलली नाही. सून भर दुपारी बाजेवर पडली आहे आणि ओ देत नाही, याचा त्यांना एकच अर्थ सुचला. त्यांनी हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. बाजेवर जीव जाऊ नये म्हणून त्यांनी तिला उचलून भुईवर घेतलं आणि तोंडात तुळशीचं पान, गंगाजल घातलं.

जयवंताला ठसका लागला. ती उठून बसली.

"काऊन रडून राह्यल्या तुम्ही? कोन गेलं?"

आनंदाबाईंनी डोळे पुसले. "झोपून राह्यली होती वं माय, भर दुपारी. लोकं गोळा केले हिनं. ऊठ आता, चहा मांड."

आणि तिने मांडला. आपल्याला पोचवायला आलेल्यांना तिने तापल्या हातांनी कपबशा वाटल्या. साखर कमी पडली, असंही कोणीतरी म्हणालं.

मग गावाला थट्टेला विषय मिळाला. विहिरीवर बायका म्हणत, "जयवंते, डोया नको लावजो, नाई तं गंगाजल पाजतीन." तिने माझ्याकडे बघणंही सोडलं.

पुढच्या वर्षी निंदणीच्या दिवसांत ती चुलीपुढे कोसळली. आवाज ऐकून रूपराव उठू लागले, तर आनंदाबाई माझ्यावर पडल्यापडल्याच म्हणाल्या, "बस तू. मांगच्यासारखी झोपली असंन. झोपू दे महाराणीले."

रूपराव बसले. भाकर करपल्याचा वास अंगणात आला तेव्हा ते आत गेले. तिला खाली घ्यावं लागलं नाही. ती भुईवरच होती.

आता आनंदाबाई दिवसभर माझ्यावर पडून असतात. दोरी इतकी लोंबली आहे की त्यांची पाठ जमिनीला टेकते. ताणायला घरात कोणी नाही. मला त्यांची दया येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जे बसलेलं कधी दिसत नाही. त्याला आज माझ्यासारख्या बाजेवर आडवं होऊ द्या. आणि झोपेत ते माणूस कसं दिसतं, तेवढं नीट पाहून ठेवा.