उत्तर येईपर्यंत

शीतगृहाचा मॅनेजर सकाळपासून फोनवर तणतणत होता. पहिलं यंत्र बंद पडल्यावर दुसरं सुरू व्हायला हवं होतं. ते झालं नाही आणि खोलीभर मटार वितळून बसले.

ताईने मुकाट्याने ती यंत्रं चालवणारा, स्वतः केलेला प्रोग्राम उघडला. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. तिच्या कामात लिहायचं कमी. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. ‘पहिलं यंत्र बंद’ हा तिने इव्हेंट केला होता: एकदा जाहीर करायचं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. घंटेने ऐकलं, लाल दिव्याने ऐकलं. दुसऱ्या यंत्राचा ऐकणारा चौकोन मात्र मागच्या दुरुस्तीत कुणीतरी काढून टाकला होता, आणि इव्हेंटला त्याचा पत्ताच नाही. दवंडी पिटणारा कधी मागे वळून बघतो का?

“घंटेला इव्हेंट ठीक आहे,” शेजारच्या टेबलावरचा टेस्टर म्हणाला. “पण यंत्र सुरू व्हायलाच हवं ना? तिथे फंक्शन हवं. थेट त्यालाच सांगायचं, आणि हो की नाही कळेपर्यंत थांबायचं. तुला काय हे मी शिकवायचं?”

“कुणाचं कुणावाचून अडू नये म्हणून तसं केलं,” ताई म्हणाली. घरीही ती हेच म्हणत आली होती.

तिने इव्हेंट काढून फंक्शन जोडलं. चाचणीत दुसऱ्या यंत्राकडून ‘हो’ आलं. मग तिने फोन पाहिला.

घरच्या ग्रुपवर रविवारी तिने लिहिलं होतं, ‘गुरुवारी नऊला डोळ्याचं ऑपरेशन. सोबत कुणीतरी लागेल.’ सगळ्यांनी वाचलं होतं. वहिनीने जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं, भाच्याने अंगठ्याचं. आज बुधवार. सोबत कुणी नसेल तर ऑपरेशन होणार नाही, असं हॉस्पिटलने बजावलं होतं, आणि डाव्या डोळ्याला आताशा एका तारेच्या दोन दिसत होत्या.

सगळ्यांना एकदम सांगितलं की तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. ग्रुपवर लिहिण्याचं खरं कारण एवढंच होतं. नकार ऐकण्यापेक्षा तिला एकटं राहणं सोपं वाटत आलं होतं, आणि आता त्या एकटेपणाचा तिला वीट आला होता.

जिन्यात जाऊन तिने धाकट्या भावाला फोन लावला.

“अगं, मला वाटलं दादा येतोय,” तो म्हणाला. “दादाला वाटलं असेल मी येतोय. तू कुणा एकाला विचारलंच नाहीस.”

“आता तुला विचारतेय. उद्या माझ्याबरोबर येशील?”

पलीकडे शांतता. अशा वेळी ती नेहमी घाईने म्हणायची, ‘राहू दे, मी बघते काहीतरी.’ शब्द जिभेवर आलेच होते. तिने कठडा घट्ट धरला आणि गप्प उभी राहिली.

“घरून किती वाजता निघायचं?” भावाने विचारलं.