पनांबीचा लाकडी पेला

पुण्याच्या पाठशाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गुणवंतराव यंदा हिवाळ्यात आखातात लेकीकडे, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, राहायला आले होते. मुग्धा आणि जावई ऑफिसला गेले की बोलायला उरे ती शेजारीण पनांबी. ती मूळची पॅराग्वेची, तिथल्या गुआरानी या आदिवासी जमातीतल्या आजीच्या मांडीवर वाढलेली. काम घरूनच करी. आपल्या भाषेत शब्द आणि आत्मा या दोहोंना एकच नाव आहे, असे तिने सांगितले, त्या दिवशी गुणवंतरावांनी उठून तिला नमस्कार केला होता. तेव्हापासून ती त्यांना ‘तामोई’ म्हणू लागली. तामोई म्हणजे आजोबा. वाळवंटात अशी आयती नात लाभल्याने ते मनोमन सुखावले होते.

घोटाळा केला तो तेरेरेने. एका झाडाची वाळलेली पाने लाकडी पेल्यात भरायची, वरून बर्फाचे पाणी ओतायचे आणि धातूच्या एकाच नळीने सर्वांनी आळीपाळीने ओढायचे, असे ते पेय. पनांबीने मोठ्या प्रेमाने पेला पुढे केला. गुणवंतराव हात जोडून म्हणाले, “क्षमा कर, मी उष्टे घेत नाही.”

ती रागावली नाही. मात्र दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिने “गुड मॉर्निंग, मिस्टर गुणवंत” म्हटले, आणि ते ‘मिस्टर’ त्यांना भातातल्या खड्यासारखे लागले.

“बाबा, मैत्रिणीच्या बर्फाच्या गोळ्याला तोंड लावलं म्हणून तुम्ही मला चूळ भरायला लावली होती,” मुग्धा म्हणाली. “तिथे ती बिचारी काय चीज?”

“मी तिचा अपमान केलेला नाही.”

“तिला वाटला ना? शनिवारी तळ्याकाठी बोलावलंय तिने. काहीतरी तोड काढा. नाहीतर तुमची नात खलास.”

गुणवंतरावांनी विचार केला आणि त्यांना तोड सापडली.

शनिवारी संध्याकाळी टॉवरखालच्या तळ्याकाठी चौघे बसले. चौथा पनांबीचा नवरा अल्वारो, माद्रिदचा, सौम्य स्वभावाचा. त्याच्या हातात स्वतःचा काचेचा ग्लास आणि स्वतःची नळी होती.

“लग्नाला सहा वर्षं झाली,” पनांबी म्हणाली, “पण हा अजून वेगळा ग्लास आणतो.”

“मला सर्दी आहे,” अल्वारो म्हणाला.

“सहा वर्षं?” ती गुणवंतरावांकडे वळली. “याचे पूर्वज आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पाद्र्यांनी आधी हे पेय सैतानाचं ठरवलं. पुढे त्यांनीच याचे मळे लावले आणि विकायला बसले. माझी आजी म्हणायची, वेगळा पेला मागतो तो पाहुणा. नळी घेतो तो घरचा.”

“मिस्टर गुणवंत, माझ्याकडे कागदी पेले आहेत,” अल्वारोने हळूच बाक थोपटला. “तुम्ही माझ्या बाजूला या.”

आपले पान कोणत्या पंगतीत मांडले गेले आहे, हे ध्यानात येऊन गुणवंतराव चपापले. त्यांनी घाईने पनांबीच्या हातून पेला घेतला, नळी उपसून बाजूला ठेवली आणि तांब्यातले पाणी ज्या सराईतपणे ते जन्मभर ओठ न लावता वरून पीत आले होते, त्याच सराईतपणे मान मागे टाकून पेला कलता केला.

पाणी आले नाही. मग सगळेच एकदम आले. भिजलेल्या पानांचा लगदा मिशांवर बसला आणि बर्फाचा एक खडा गळपट्टीतून आत उतरला.

मग पनांबी हसू लागली, ती बाकाला धरूनच. “नळी हलवायचीसुद्धा नसते,” ती कशीबशी म्हणाली. “आजी काठी घेऊन धावली असती.”

मिशांतली पाने वेचता वेचता गुणवंतरावांची दृष्टी पेल्यावर स्थिरावली. लाकडी होता. यज्ञातला सोमरसाचा पेला, चमस, तोही लाकडाचाच असे.

“हे झाड तुम्हांला कोणी दिले?” त्यांनी विचारले.

“चंद्रानं. तो रानात उतरला होता, एका म्हाताऱ्यानं त्याला आसरा दिला. त्याबद्दल दिलं. असं आजी सांगायची.”

“चंद्राने?” गुणवंतराव ताठ बसले. सोम म्हणजे वनस्पतींचा राजा, आणि सोम म्हणजेच चंद्र. सोमयागात एकाच चमसातून ऋत्विज आळीपाळीने रस प्राशन करीत, आणि सोमाला उच्छिष्टाचा दोष लागत नाही असे शास्त्रच सांगते. हा प्रश्न ते दरवर्षी परीक्षेत घालीत. उत्तर मात्र नेहमी मुलांनीच लिहायचे असे.

“मुली,” ते म्हणाले, “नळी पुन्हा लाव आणि भर.”

पनांबीने भरले. गुणवंतरावांनी डोळे मिटले, पेला दोन्ही हातांनी कपाळाशी नेला आणि नळीला ओठ लावून तळाशी गुरगुर आवाज होईपर्यंत ओढले.

“कसं आहे, तामोई?”

“कडू,” ते म्हणाले, आणि थोडे थांबून, “पुढच्या फेरीला मला विसरू नकोस.”

भरलेला पेला मुग्धाकडे आला. ती वडिलांकडे बघत राहिली. “बाबा, हे तुमचं उष्टं.”

“चूळ घरी गेल्यावर भर.”

तिने हसत हसत पेला रिकामा केला. पलीकडे अल्वारो आपल्या ग्लासातली नळी उगाच फिरवीत होता. गुणवंतरावांनी बाकावर सरकून जागा केली.

“सर्दी गेली असेल,” ते म्हणाले, “तर इकडे या.”