हंड्यावरचा हात

तिचा नवरा वारला तेव्हा तांब्याचा हंडा अर्धाच ठोकून झाला होता. हंड्याच्या पोटावर त्याच्या घामट तळव्याचा काळा ठसा राहिला होता, करंगळी अर्धीच, कारण तिचं पेर तरुणपणीच पत्रा कापायच्या कातरीत गेलं होतं. ठसा दिवसेंदिवस गडद होत चालला. तिने हंड्याला कुणाला हात लावू दिला नाही.

"काय खंबीर बाई! डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही," असं नातेवाईक कौतुकाने सांगत सुटले होते. जशी काही शर्यतच जिंकली होती तिने!

चौथ्या महिन्यात ती कामाला बसली. हंडा पुरा करायचा आणि ठसाही राखायचा, एवढाच हट्ट. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग भट्टीत लाल करून मऊ करावं लागतं. नवऱ्यानेच तिला हे शिकवलं होतं. पण भट्टीत ठसा जळून जाणार, म्हणून ती हंडा थंडच ठोकत राहिली.

आणि तिच्या दोन ठोक्यांच्या मधे आणखी एक ठोका ऐकू येऊ लागला. हलका, किंचित उशिरा, अगदी त्याच्या सवयीचा. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी हात थांबवायचा धीर होईना. आपण थांबलो तर तोही थांबेल.

पलीकडच्या खोलीतून सासऱ्यांनी हाक मारली. त्यांची नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते.

"सूनबाई, तुझ्याबरोबर कोण बसलंय?"

"कुणी नाही, मामंजी."

"मग दुसरा हात कुणाचा?"

ती ठोकतच राहिली.

"आणि तांबं कडक झालंय बघ, आवाज ऐक. तापव आधी."

"तापवलं तर त्यांचा हात जाईल हो!"

तिने रागाने पुढचा ठोका घातला आणि काठाला केसाएवढी चीर गेली, थेट ठशाच्या रोखाने. सासरे भिंत चाचपडत आले. चिरेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"पोरी, माझाही मुलगा होता तो," ते म्हणाले. "घाल भट्टीत."

तिने चीर कानशीने घासून काढली आणि हंडा भट्टीत घातला. ठसा निळसर झाला, मग लाल, मग तिथे नुसतं तांबं उरलं. तिने हंबरडा फोडला. चार महिन्यांचं सगळं रडणं एकदम बाहेर आलं, आणि सासऱ्यांनी तिला रडू दिलं.

हंडा निवल्यावर तिने पुन्हा हातोडी उचलली. सासरे कान देऊन बसले.

"आता एकच हात वाजतोय," ते म्हणाले.

"हो, मामंजी. माझा."