कपाटातली पुडकी

आबांचं केस कापायचं दुकान. खुर्चीत बसलेल्या माणसाशी ते जगातल्या कुठल्याही विषयावर गप्पा मारत. घरी मात्र चौदा वर्षांच्या नातीशी काय बोलावं, हे त्यांना सुचत नसे. लेक-जावई अपघातात गेले, मागोमाग आजीही गेली, आणि घरात हे दोघंच उरले. नात मोठी होऊ लागली तेव्हापासून आबा दर महिन्याला पॅडचं पुडकं आणून गुपचूप तिच्या कपाटात ठेवत. तोंडातून अवाक्षर नाही.

एका सकाळी ते गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होते, तेवढ्यात नात ऐन शाळेच्या वेळेला दुकानात आली.

"आबा, जरा आत या ना."

आतल्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाकडे बघत ती म्हणाली, "मला डॉक्टरीणबाईंकडे न्या. माझी पाळी आली नाहीये."

आबांच्या पायाखालची जमीनच सरकली. "कोण आहे तो?"

"कोण तो?"

"मी रागावणार नाही, बाळा. तुला कुणी काही केलं का?"

ती बघतच राहिली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. "शी! तसं नाही हो! अजून एकदाही आली नाही. वर्गात सगळ्यांना आली. माझ्यातच काहीतरी बिघाड असेल."

"मग ती पुडकी?"

"कपड्यांच्या मागे पडून आहेत. तुम्ही इतक्या नेमाने आणता, सांगणार कसं?"

हसावं की रडावं, आबांना कळेना. बाहेरून गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, फेस वाळला!"

दाढी उरकून आबांनी दुकान बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी नातीला तपासलं. "वाढ छान चाललीये. कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा. पंधरा पूर्ण होईपर्यंत नाही आली तर पुन्हा या, तपासण्या करू." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "घरी बोलता ना तिच्याशी?"

"पुडकी आणतो," आबा पुटपुटले.

परतताना नातीने विचारलं, "मघाशी तुम्हाला काय वाटलं होतं?"

"वाटलं... तुला दिवस गेले."

"पाळी चुकली की तसंच असतं का?"

"बहुतेक. नाही... मला नीट माहीत नाही गं."

"मग विचारायचं कुणाला?"

आबा भर रस्त्यात थांबले. "चल मागे. डॉक्टरीणबाईंनाच विचारू. दोघंही."

ती वळून झपाझप पुढे निघाली. आबा मागून चालताना मनात प्रश्न जुळवत होते, पण पहिला कुठला विचारावा, तेच ठरेना.