महाराजांच्या शालीचा आजार

त्या सकाळी धक्क्यावर समुद्राकडे कुणी बघतच नव्हतं. गर्दी लाल धाग्याभोवती होती. गुडघेदुखीवाले, साखरवाले, झोप न येणारे, सगळे मनगट पुढे करून रांगेत उभे होते. मधोमध लाल शाल पांघरलेले दर्यामहाराज पैसे घेऊन धागे बांधत बोलत होते.

"समुद्र म्हणजे सगळ्यात मोठा वैद्य. धागा खाली नेला की रोग त्यात उतरतो, धागा काळा पडतो. वर येताना समुद्र रोग ठेवून घेतो, धागा पुन्हा लाल. स्वतःला बुडी जमत नसेल तर नातेवाईक चालतो. समुद्राला नातं कळतं."

"जावई चालेल का?" एकाने विचारलं.

"प्रेमळ असेल तर," महाराज म्हणाले.

आणि बुडी मारून आलेला जो तो शपथेवर सांगत होता की खाली धागा खरंच काळा पडला होता. लोक ओल्या कपड्यांनी एकमेकांना मिठ्या मारत होते.

मी आत्याला इथे सुट्टीला आणलं ते तिने चार दिवस आराम करावा, फार तर वेगाच्या बोटीत एकदा किंचाळून घ्यावं, म्हणून. तिने आल्या आल्या महाराजांना गाठलं. आयुष्यभर कापडाचं दुकान चालवलेली ही बाई गिऱ्हाइकाच्या चपलेवरून त्याचा खिसा ओळखायची. पण रक्तदाबाच्या गोळ्यांचा तिला मनापासून वैताग होता. गोळी बंद केली तर पक्षाघाताचा धोका आहे, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. महाराजांचा हुकूम उलटा होता: धागा काळ्याचा लाल झाला की गोळ्या समुद्रात.

"तू माझा धागा घेऊन खाली जा," आत्या म्हणाली. "काळा नाही पडला तर जन्मभर गोळ्या घेईन. पडला तर टाकून देईन. कबूल?"

मी हसत हसत हो म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

आत्या, महाराज आणि बाकीचे रुग्ण काचेच्या तळाच्या बोटीत बसले. पाठीवर हवेची टाकी चढवून मी बुडी शिकवणाऱ्या प्रशिक्षिकेबरोबर पाण्यात उतरलो. खाली सगळं निळं आणि निवांत होतं, मासे नाकासमोरून फिरायला निघाले होते. मी इतका खूश झालो की धागा विसरलोच. तळाशी आठवण झाली आणि मनगट पाहिलं. धागा काळा होता. चोळून पाहिला, तरी काळाच. आता माझ्यामुळेच आत्या गोळ्या टाकणार, या विचाराने मी खरंच घाबरलो.

इतक्यात प्रशिक्षिकेने कपारीतला मासा दाखवायला टॉर्च लावला. झोत माझ्या हातावरून गेला आणि धागा झगझगीत लाल झाला. झोत सरकला, पुन्हा काळा. मी तिचा हात धरून टॉर्च जवळ आणला, लाल. दूर नेला, काळा. मग माझं लक्ष माझ्या पोहायच्या चड्डीकडे गेलं. सकाळी ती टोमॅटोसारखी होती, आता कोळसा झाली होती. तोंडात हवेची नळी असताना हसू नये, पण मला आवरेना.

वर आलो तेव्हा आत्या गोळ्यांची डबी उघडून बसली होती.

"पडला ना काळा?"

"पडला. पण थांब."

"थांबायचं काय त्यात? आणि काय रे, खाली जाऊन चड्डी कधी बदललीस? काचेतून काळी दिसत होती."

मी टॉर्चची सगळी हकिगत सांगितली. महाराजांनी डोळे मिटले. "मुलाच्या कमरेतही दोष आहे," ते म्हणाले.

आत्याचा हात डबीवर थांबला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवणाऱ्या गिऱ्हाइकाला ती नेहमी सांगायची, कापड दारात नेऊन उजेडात बघा. ती महाराजांकडे वळली.

"जरा शाल द्या."

"कशाला, माई?"

"कापड बघते."

त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत शाल तिच्या हातात होती. वजन बांधून तिने ती दोरीने खाली सोडली. सगळी डोकी काचेवर वाकली. शाल लालची विटकरी झाली, मग तपकिरी, आणि तळाशी काळी ठिक्कर. वर ओढली तर पुन्हा लाल.

"अरेरे," आत्या म्हणाली, "तुम्हाला तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंत आजार आहे. माझ्यातली एक गोळी देऊ?"

बोट हसण्याने हेलकावू लागली. मग कुणी लाल टोपी सोडली, कुणी लाल पिशवी. महाराज किनाऱ्यावर सोडा म्हणत होते, पण सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय बोट वळेना.

गोष्ट साधी आहे. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात आणि पाणी त्यातला लाल सगळ्यात आधी गिळतं. खोलवर लाल उजेड पोचतच नाही, म्हणून लाल वस्तू काळी दिसते. पाण्याला तुमचा रोग कळत नाही, आणि जावयाचं प्रेमही. चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण औषध फेकण्याआधी तीच परीक्षा महाराजांच्या शालीवरही घेऊन पाहा.

आत्याने तिथेच गोळी घेतली, वर घोटभर पाणी प्यायली. मग माझ्या मनगटावरचा धागा दोन बोटांत धरून चोळला.

"रंग मात्र पक्का आहे हं," ती म्हणाली. "एवढं एकच खरं विकलं मेल्याने."