उजवा कोपरा

माझी थोरली लेक अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते साल एकोणीसशे चौसष्ट. ती बैलगाडीतून उतरली तेव्हा आमच्या खळ्यावर नऊ गडी लंगोट कसून उभे होते आणि मी मेंढवाड्यातून एक थोराड एडका ओढून आणत होतो.

"तात्या, आमी एडक्याला धरायचं का एडक्यानं आमास्नी?" भाऊसो म्हणाला. भाऊसो माझा पुतण्या. सगळे हसले.

"ज्येला धरता येत न्हाई, त्येला एडकाच धरंल," मी म्हणालो. "मागचा पाय धरायचा. एका दमात. दुसऱ्यांदा हात घातला की बाद."

चैत्रात पलूसला कबड्डीचे सामने असायचे. जुनी माणसं अजून हुतूतू म्हणत, पण खेळ तोच. आदल्या वर्षी आमची खडकवाडी शेवटच्या सामन्यात हरली होती. चढाई करणारे आमच्याकडे वाघासारखे होते, पण धरणारे कच्चे. उजव्या कोपऱ्यातून तर समोरचा गडी देवळात शिरावा तसा शिरायचा आणि परत जायचा. मी पंधरा वर्षं त्या कोपऱ्यात उभा राहिलो होतो. गुडघा मोडला म्हणून बसलो. तेव्हा संघाचा कारभार बघणारे लालासाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हरिबा, यंदा धरणारे तू निवडायचे. तू म्हणशील तो उभा राहील. आपला वर्ड."

लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन परत आलेले. त्यांचा वर्ड म्हणजे वर्ड, असं गावात सगळे म्हणत. मीही म्हणत होतो.

आता एडका कशाला, तर आम्ही धनगर माणसं. कातरणीला मेंढरू धरायचं तर मागच्या पायाला धरावं लागतं, आणि कोपऱ्यातल्या गड्यालाही समोरच्याचा घोटाच धरायचा असतो. कामाची रीत एकच. आमची पोरं मेंढरांत जन्मलेली. पण त्या दिवशी एकेक करून सात जण लाथा खाऊन बाजूला झाले. भाऊसोच्या तर हनुवटीला लागलं.

आठवा धोंडिराम. बाळाबाईचा एकुलता एक लेक, वय सव्वीस. आठ वर्षांमागे त्यांच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचा. बोलायचा कमी. तो एडक्यापासून दोन हातांवर नुसता वाकून उभा राहिला. आम्हाला वाटलं, भ्यायला. एडक्यानं दोनदा पाय झाडला. तिसऱ्यांदा पाय खाली टेकला आणि त्याच क्षणी धोंडिरामचा हात घोट्यावर बसला. एडका जागेवर बसला.

"कसं केलंस रं?" मी विचारलं.

"पाय वर आसतो तवा त्यो एडक्याचा आसतो, तात्या. टेकताना त्यो भुईचा आसतो. तवा धरायचा."

पंधरा वर्षं कोपऱ्यात उभा राहून मला जे सांगता आलं नव्हतं, ते ह्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. मी तिथंच म्हणालो, "उजवा कोपरा धोंडिराम."

सगळे भाऊसोकडे बघू लागले. एडका तेवढा ओरडत होता.

का ते सांगतो. धरणारे जोडीनं उभे राहतात, एकमेकांचा हात धरून. कोपरा पुढं झेपावतो तेव्हा शेजारचा त्याचा हात धरून त्याला मागे ओढतो आणि मग वेढा पडतो. ह्याला साखळी म्हणतात. उजव्या कोपऱ्याच्या शेजारी भाऊसो उभा राहायचा. म्हणजे भाऊसोनं धोंडिरामचा हात धरायचा. सगळ्या गावासमोर, सगळ्या पलूससमोर, पंचाची शिट्टी वाजेपर्यंत.

धोंडिराम घरी गेल्यावर भाऊसो म्हणाला, "तात्या, चढाईला घ्या की त्येला. लांबलांब पळंल."

"त्यो धरणारा हाय. चढाईला त्येला दम न्हाई."

"मग दुसरा कोपरा बघा. मला जमायचं न्हाई."

"का? पाडापाडीत अंगावर पडतोस की त्येच्या. तवा न्हाई तुला काय हुत?"

"त्यो खेळ झाला. हात धरून हुबं ऱ्हायचं म्हंजी..." त्याला पुढचं बोलता येईना. बोलता येण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

मी खळ्याच्या कडेला बसलेल्या लालासाहेबांकडे बघितलं. "हवालदार, पलटणीत तुमी एका मगातनं पाणी प्यायलाय. तुमीच सांगत आसता."

"ते पलटणीत," लालासाहेब म्हणाले. "हे गाव हाय, हरिबा. माझी काय ना न्हाई. पण पोरांची मनं मोडून संघ चालत न्हाई." मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तोडगा काढला. टॉवेलचं एक टोक धोंडिरामनं धरायचं, एक भाऊसोनं. साखळी ती साखळी. टॉवेल धरू नये असा नियम कुठंच लिहिलेला नाही.

संताप आता येतो तो लालासाहेबांचा नाही, माझा स्वतःचा. मला तो तोडगा पटला. मी मनात म्हणालो, बरं झालं, वाट निघाली. आणि तो निरोप सांगायला मी स्वतःच्या पायांनी गेलो. कुणी बळजबरी केली नव्हती.

जाताना बायको, दगडाबाई, अंजनाच्या डोक्याला तेल लावत होती. ती म्हणाली, "मेंढरू निवडताना तुमी पाय बघता, दात बघता. कुणाच्या वाड्यातलं म्हून इच्यारत न्हाई. माणसांच्या बाबतीत कशी अक्कल जाती वो?"

"तुला खेळातलं काय कळतंय?" मी म्हणालो. बायकोच्या खऱ्या बोलण्याला देण्यासारखं पुरुषाजवळ दुसरं उत्तर नसतं.

बाळाबाई दारात हुलगे पाखडत बसली होती. तिनं मला बसायला पोतं टाकलं. धोंडिराम भिंतीला टेकून उभा राहिला. मी टॉवेलचं सांगितलं. जमेल तितकं गोड करून सांगितलं.

बाळाबाईनं सूप खाली ठेवलं. "हरिबा तात्या, सकाळी माझ्या लेकानं तुमच्या एडक्याला हात लावला. एडका बाटला न्हाई न्हवं? का त्येला आंघूळ घातली?"

"बाळाबाई, म्या काय..."

"न्हाई, इच्यारतीया आपलं. एडक्याची काळजी वाटली."

"आये, गप," धोंडिराम म्हणाला. तो हसला नाही, चिडलाही नाही. "तात्या, टॉवेल नगं. दावं जनावराला बांधत्यात. म्या एकटा हुबा ऱ्हातो. कोपऱ्यात मी, माझ्या बाजूला कुणी न्हाई. भाऊसोला म्हणावं, दोन हात लांब ऱ्हा."

"साखळीबिगर कोपरा? तुला फरफटत न्हेतील रं."

"न्हेलं तर न्हेलं. माझी एकच आट हाय. मला धरणारा म्हणूनच घ्यायचा. संघाच्या यादीत माझं नाव कोपरा म्हणून लिव्हायचं. खाली, बदली गडी म्हणून न्हाई."

एवढंच त्याला हवं होतं. सात नावांत आपलं नाव, आपल्या जागेवर. ते मी लिहवून घेतलं. त्यात मोठं काम केल्यासारखं मला वाटलं, हेही सांगतो.

पलूसला आम्ही विट्यात एस्टी बदलून पोचलो. उसाचा भाग, माणसं धडधाकट, मैदानावर पाणी मारून मुरूम दाबलेला. आमच्या माण तालुक्यात प्यायला तेवढं पाणी नसतं. पहिल्या दोन सामन्यांत धोंडिरामनं अकरा पकडी केल्या. कोपऱ्यात एकटा, गुडघे वाकवून, हात मोकळे. लोकांना वाटलं, ही खडकवाडीची नवी तऱ्हा आहे. एक म्हातारा मला विचारायला आला, "पावनं, उजवीकडं साखळी का न्हाई लावत? काय डाव हाय ह्यो?"

मी म्हणालो, "हाय एक डाव."

थूत माझ्या जिभेवर. माणसाच्या अपमानाला मी डाव म्हणालो, आणि म्हातारा कौतुकानं मान हलवत गेला.

पकड झाली की आमचे सगळे धोंडिरामवर उडी घालत होते. भाऊसोसुद्धा. घामाला घाम, तोंडाला तोंड लागत होतं. शिट्टी झाली की उठून पुन्हा दोन हात लांब. पडलेल्या ढिगात कुणी कुणाला बघत नाही, म्हणून तिथं सगळं चालायचं. उभं राहिल्यावर लोक बघतात. म्हणजे देवाला भिऊन नाही, धर्माला भिऊन नाही, बघणाऱ्याला भिऊन हे सगळं चाललं होतं. हे मला तिथं मैदानाच्या कडेला बसून कळलं. कळूनही मी उठलो नाही.

शेवटचा सामना संध्याकाळी होता. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. त्यांचा सगळ्यात दांडगा गडी चढाईला आला. धोंडिराम वाकून उभा. त्या गड्यानं कोपऱ्याकडे पाय टाकला, उचलला, परत टाकला, आणि तो टेकताना धोंडिरामचा उजवा हात त्याच्या घोट्यावर बसला.

गडी पडला नाही. कबड्डी कबड्डी म्हणत मधल्या रेघेकडे ओढू लागला. रेघेला त्याचा हात लागला की तो सुटला आणि त्याला धरणारे सगळे बाद. धोंडिराम पोटावर पडला, मुरमावरून घासत चालला. घोटा सोडला नाही. आणि त्यानं डावा हात मागे केला.

"भाऊसो, हात दे!"

मैदानावर गलका होता तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. तो हात भाऊसोपासून वितीवर होता. बोटं उघडी. धरून मागे ओढायचं, एवढंच काम. माझ्या पुतण्यानं त्या हाताकडे बघितलं. मग वर, लोकांकडे बघितलं. आणि तो हात न धरताच वळसा घालून त्या गड्याची कंबर धरायला पळाला.

तो कमरेला लटकेपर्यंत गड्याची बोटं रेघेवर गेली होती. धोंडिराम बाद, भाऊसो बाद. दोन गुण त्यांना. आम्ही एका गुणानं हरलो.

लालासाहेब मांडवातून आले. त्यांनी पडलेल्याकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "कोपरा ढिला पडला, हरिबा. मी म्हणत होतो, त्याच्या भरवशावर ऱ्हाऊ नगा."

"कोपरा ढिला पडला?" माझा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "हवालदार, त्येनं पाय सोडला का? सांगा की. पाय सोडला का त्येनं? दहा हात फरफटत गेला, पर घोटा त्येच्या मुठीत हुता. हात कुणी दिला न्हाई? माझ्या भावाच्या पोरानं दिला न्हाई. आन् त्येला 'दिऊ नगं' कुणी शिकवलं? तुमी. म्या. टॉवेल कुणाचा हुता?"

"लोकं बघत्यात, हळू बोल."

"बघूंद्या! लोकं बघत्यात म्हणूनच ह्ये झालं!"

लोक बघत होते. पण माझं ओरडणं उशिराचं होतं. खळ्यावर ओरडायला हवं होतं, तेव्हा मी टॉवेल घेऊन निरोप्या झालो होतो. हरल्यावर ओरडायला काय लागतं?

धोंडिराम अजून मुरमावर बसला होता. छातीची कातडी निघाली होती. डाव्या कोपरातून रक्त येत होतं. मी गेलो आणि त्याला उठवायला हात पुढं केला. चारचौघांत, सगळ्यांदेखत केला.

त्यानं हाताकडे बघितलं. रागानं नाही.

"ऱ्हाऊ द्या, तात्या," तो म्हणाला. "खेळ संपला."

आणि एक हात भुईला टेकून तो स्वतः उठला. छातीचा मुरूम झटकला. पंचाकडे गेला, त्यांना नमस्कार केला. ज्याचा घोटा धरला होता त्या गड्याकडे गेला. त्या उसाच्या भागातल्या परक्या माणसानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. आमचे सहा जण कपडे घालत होते.

पुढच्या वर्षी लालासाहेब परत आले. "हरिबा, धरणारे निवडायचेत," म्हणाले. अंजनाचा मुलगा अंगणात रांगत होता.

"आधी हात धरणारे शोधून आणा," मी म्हणालो. "कोपरा मग बघू."

ते चिडून गेले. नंतर खडकवाडीचा संघ उभाच राहिला नाही. गावात अजून सांगतात, हरिबाच्या हट्टामुळं खेळ बंद पडला. सांगू देत.

धोंडिराम आम्ही हरलो त्याच साली रस्त्याच्या कामावर खंबाटकीच्या घाटात गेला आणि आईला घेऊन शिरवळला राहिला. मी एकदा भेटायला गेलो होतो. त्यानं चहा दिला, मेंढरांची चौकशी केली, खेळाचं काढलं नाही. मीही काढलं नाही. काढायला पाहिजे होतं.

बाळाबाई सदुसष्टच्या पावसाळ्यात तापानं गेली. धोंडिराम एकोणसत्तर साली जानेवारीच्या नऊ तारखेला, घाटात दरड अंगावर येऊन गेला. एकतीस वर्षांचा होता.